हिमनदी गेल्यावर मागे उरलेला पसारा कसा वाचायचा

शाळेच्या भूगोलात ‘हिमनदीचे कार्य’ नावाचा धडा असायचा. हिमगव्हर, शुककूट, मेषशिला, हिमोढगिरी. चार गुणांसाठी पाठ केलेले शब्द आणि पेन्सिलने काढलेली एक आकृती, जिच्यात सगळी भूरूपं एकाच डोंगरावर दाटीवाटीने बसवलेली. पुढे ट्रेकच्या निमित्ताने हिमालयात गेलो तेव्हा ती आकृती कुठेच दिसेना. दिसले ते दगडांचे ढीग. मग मी काय केलं, तर प्रत्येक ढिगाला ‘हिमोढ’, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमाल, म्हणायला सुरुवात केली.

लाहौलमध्ये छोटा दरा नावाच्या जागेजवळ रस्त्यालगत दगडांच्या दोन समांतर वरंब्या दिसल्या. मी गाडी थांबवली, फोटो काढले आणि बरोबरच्यांना दहा मिनिटं व्याख्यान दिलं: हे पार्श्व हिमोढ, मधून एके काळी बर्फ वाहत होता, वगैरे. चालक तिथलाच, लाहौली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, ये तो पिछले साल जुलाई में आया था. मेरी गाड़ी इसी के पीछे दो दिन खड़ी रही.” नाल्यातून उतरलेल्या मलब्याचे ते काठ होते. हिमनदीचा त्यांच्याशी संबंध इतकाच की तो मलबा वरच्या कुठल्यातरी जुन्या हिमोढातूनच सुटून आला असावा.

त्या फजितीनंतर जी पद्धत हळूहळू बसली ती इथे देतो आहे. त्यासाठी जागाही तीच घेतली आहे: हिमाचलमधलं चंद्रा नदीचं खोरं, कोकसर ते छत्रू, छोटा दरा, बातल आणि चंद्रताल. कारण सोपं आहे. मनालीहून स्पितीला जाणारी शेकडो मराठी मंडळी दरवर्षी याच रस्त्याने जातात, आणि वितळत्या हिमनद्यांनी मागे टाकलेलं जवळजवळ सगळं तिथे गाडीतून किंवा तासाभराच्या चालीत बघता येतं. दोर-कुऱ्हाडीची गरज नाही.

आधी एक किल्ली हातात घेऊ, बाकी सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. पाणी माल चाळतं, बर्फ चाळत नाही. नदीचा वेग कमी झाला की आधी मोठे गोटे खाली बसतात, मग खडी, मग वाळू, शेवटी गाळ. बर्फाच्या अंगावर घराएवढा धोंडा पडला काय आणि पिठासारखी धूळ पडली काय, दोन्ही एकाच चालीने पुढे जातात आणि बर्फ वितळला की एकाच जागी खाली बसतात. त्यामुळे कुठल्याही ढिगापुढे उभं राहिलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: हा माल चाळलेला आहे की नाही?

घरून निघण्याआधी

संगणकावर उपग्रह नकाशा उघडा आणि साधारण ३२.४८ अंश उत्तर, ७७.६१ अंश पूर्व इथे जा. लांबट निळा ठिपका दिसेल, तो चंद्रताल. तिथून चंद्रा नदीचा माग धरत आधी दक्षिणेला बातलपर्यंत आणि मग पश्चिमेला या. बातल सोडल्यावर थोड्याच अंतरावर नदीच्या डाव्या तीरावर, म्हणजे दक्षिणेकडून, एक भलीमोठी राखाडी जीभ खाली आलेली दिसेल. ही बडा शिग्री. जवळपास २८ किलोमीटर लांब, हिमाचलमधली सर्वांत मोठी हिमनदी. तिच्या अंगावर लांबच लांब गडद पट्टे दिसतात, ते मध्य हिमोढ. दोन हिमनद्या एकत्र आल्या की त्यांच्या कडेचा दगडमाल मिळून मधोमध एक पट्टा तयार होतो. असे पट्टे मोजले की किती उपनद्या येऊन मिळाल्या याचा अंदाज घरबसल्या येतो. मी एकदा पूर्ण संध्याकाळ यात घालवली आहे आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

जुन्या वर्षांची चित्रं दाखवण्याची सोय असेल तर समुद्र टापू हिमनदीच्या तोंडाशी असलेलं तळं वेगवेगळ्या वर्षांचं बघून घ्या. ते वाढत गेलेलं सहज दिसतं. चंद्रतालच्या पश्चिमेला, नदीपलीकडे, ही हिमनदी आहे.

मग एक साधी रेघ काढा: खोऱ्याच्या या कड्यापासून त्या कड्यापर्यंत. नकाशाच्या साधनात त्या रेघेची उंची बघता येते. छेद ‘यू’सारखा आला, तर इथून कधीतरी हिमनदी गेली असण्याची शक्यता धरून चाला. ‘व्ही’ आला तर नदीचंच काम.

कधी जायचं, काय न्यायचं

बातलहून पुढे स्पितीत नेणाऱ्या कुंझुम खिंडीचा रस्ता साधारण जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या पुढेमागे बर्फाने बंद होतो. या कामासाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा मला सर्वांत आवडतो. नाल्यांना पाणी कमी, हवा स्वच्छ, आणि सूर्य तिरका असल्यामुळे जमिनीवरची प्रत्येक वरंबी सावली टाकते. जुलैत भर दुपारी तीच जमीन सपाट वाटते.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे, बातल ४,००० च्या जवळ, चंद्रताल सुमारे ४,२५० मीटरवर. अटल बोगदा २०२० साली सुरू झाल्यापासून मनालीहून एका दिवसात चंद्रताल गाठणं शक्य झालं आहे, आणि बहुतेक लोक तीच चूक करतात. डोकं दुखत असताना कुणालाही हिमोढ दिसत नाही. पहिली रात्र सिस्सू किंवा कोकसरला काढा, पुढची बातलला किंवा तळ्याच्या अलीकडच्या तंबूंत. मोबाइलला रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून घ्या. रोख पैसे ठेवा.

सामान किरकोळ आहे: झाकणाच्या दोन पारदर्शक बरण्या (लोणच्याच्या चालतील), बागेतलं खुरपं, मोजपट्टी, भिंग, विजेरी, होकायंत्र, जाड वही आणि पेन्सिल. शिसपेन्सिलच घ्या, थंडीत बॉलपेन ऐन वेळी संप करतं.

पहिली पायरी: लांबून बघा

बोगद्यातून बाहेर आलात की सिस्सूला थांबा. गावासमोर नदीपलीकडे उंच कड्यावरून धबधबा पडतो. सगळे त्याचा फोटो काढतात. तुम्ही धबधब्याच्या वर बघा. पाणी जिथून उडी घेतं तिथे मागे एक लहान दरी असते आणि तिचा तळ मुख्य खोऱ्याच्या तळापेक्षा कितीतरी उंच राहिलेला असतो. हीच लोंबती दरी. मुख्य हिमनदी जाड, वजनदार, तिने आपला तळ खोल खरवडला. बाजूची हिमनदी पातळ, तिला तेवढं जमलं नाही. बर्फ होता तोवर दोघींचे पृष्ठभाग एका पातळीला होते, त्यामुळे फरक झाकलेला होता. बर्फ गेला आणि लहान दरी अधांतरी राहिली.

आता खोऱ्याच्या भिंतीवर नजर आडवी फिरवा. बऱ्याच ठिकाणी एका उंचीपर्यंत खडक घासलेला, बोथट दिसतो आणि त्याच्या वर एकदम दातेरी, तुटका. ही सीमारेषा म्हणजे बर्फाची जुनी पातळी. पाण्याच्या टाकीत आतून उमटलेल्या रेषेसारखीच. वहीत तेवढी रेघ काढून ठेवा, बाकी खोरं नंतर.

आणि पुस्तकातला गुळगुळीत ‘यू’ शोधत बसू नका. हिमनदी गेल्यानंतरच्या हजारो वर्षांत दोन्ही बाजूंनी दगडगोट्यांचे शंकू खाली उतरले आहेत, तळात नदीने स्वतःची वेगळी घळ कापली आहे. तो ‘यू’ अर्धा भरलेला आणि मधोमध चिरलेला असतो.

दुसरी पायरी: बरणीचा प्रयोग

ग्रांफूला लेहचा रस्ता सोडून स्पितीच्या रस्त्याला लागलं की डांबर जवळपास संपतं आणि आपलं काम सुरू होतं. छत्रूच्या पुढे रस्ता अनेक जागी जुन्या ढिगांमधून कापत नेलेला आहे. असा ताजा काप म्हणजे आयता छेद. गाडी सुरक्षित जागी थांबवा, वर सुटे दगड नाहीत ना हे बघा, मगच जवळ जा.

कापाकडे पाच मिनिटं नुसतं बघायचं. थर दिसतात का? वाळूची पट्टी, मग गोट्यांची पट्टी, पुन्हा वाळू, असं असेल तर पाण्याचं काम. काहीच थर नाहीत, राखाडी पिठात टेबलाएवढे धोंडे, मुठीएवढे दगड आणि खडी एकत्र मळल्यासारखी बसली आहे, मोठे दगड एकमेकांना टेकलेले नसून पिठात रुतलेले आहेत, तर हिमनदीचा माल असण्याची शक्यता बळावते. भूवैज्ञानिक याला टिल म्हणतात. रव्याच्या लाडवात एखादा अख्खा काजू अडकावा तसा त्यात धोंडा अडकलेला असतो.

खुरप्याने त्या पिठाचा एक मूठभर नमुना काढा (मोठे खडे बाजूला करून), बरणीचा तिसरा हिस्सा भरा, वर पाणी ओता, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. दुसऱ्या बरणीत नदीकाठच्या वाळूचं हेच करा. नदीच्या वाळूचं पाणी काही मिनिटांत निवळतं. टिलची बरणी रात्रभर गढूळ राहते, सकाळी वर साईसारखा मऊ राखाडी थर बसलेला सापडतो. हे खडकाचं पीठ. बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी खालचा खडक जात्यासारखा दळला, त्याचं हे पीठ. बोटांमध्ये घेऊन चोळा: चिकणमातीसारखं चिकट लागत नाही, टाल्कम पावडरसारखं सरकतं. चंद्रा नदीचं पाणी उन्हाळ्यात ताकासारखं दिसतं ते यामुळेच.

तिसरी पायरी: वरंब्या शोधा

छोटा दरा ओलांडून बातलकडे जाताना रस्ता नदीच्या उजव्या तीरावर असतो आणि बडा शिग्री समोरच्या तीरावर. इथे बर्फ दिसेल या आशेने लोक बघतात आणि निराश होतात, कारण दिसतं ते दगडांचं अस्ताव्यस्त राखाडी मैदान. बर्फ त्याच्या खाली आहे. जाड दगडमालाचं पांघरूण ओढलेली ही हिमनदी आहे. खात्री करायची तर दुर्बिणीतून ओलसर काळे डाग, ढिगांमधली छोटी तळी आणि मध्येच दिसणारी निळसर-काळी बर्फाची भिंत शोधा.

तिच्या दोन्ही कडांना उंच, लांब, वर धार असलेले बांध दिसतात. हे पार्श्व हिमोढ. ओळखायची खूण अशी की आतली, बर्फाकडची बाजू जास्त खडी आणि ताजी असते, कारण आधाराला असलेला बर्फ खचला आणि ती बाजू ढासळत राहिली. बाहेरची बाजू सौम्य, तिच्यावर गवत धरलेलं. बांधाचा माथा आणि आजच्या बर्फाची पातळी यांतला फरक नजरेने मोजा. हिमनदी केवळ मागे हटत नाही, आधी ती खाली बसते. ते बसणं या फरकात दिसतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘हिमनदी मागे सरकते’ असं आपण म्हणतो, पण बर्फ कधीच उलटा चालत नाही. साखर कारखान्यातली गव्हाण आठवा. पट्टा ऊस पुढेच नेत असतो. समजा पट्ट्याचं टोकच कुणी रोज थोडं थोडं तोडत असेल, तर पट्टा पुढे चालत असूनही टोक मागे मागे येईल. हिमनदीचं टोक वितळून तुटतं, बर्फ मात्र पुढेच येत राहतो आणि आपल्याबरोबर दगड आणत राहतो. टोक बरीच वर्षं एकाच जागी थांबलं तर तिथे दगडांची मोळीवर मोळी पडून आडवा बांध तयार होतो. सर्वांत पुढच्या बांधाला अंत्य हिमोढ म्हणतात. टोक भराभर मागे गेलं तर बांध होत नाही, नुसता विखुरलेला थर पडतो. म्हणून एकामागे एक असे तीन आडवे बांध दिसले, तर त्याचा अर्थ वितळण्याच्या काळात तीनदा मुक्काम झाला. बांधांमधली मोकळी जागा म्हणजे घाईचा प्रवास.

अंत्य हिमोढ मात्र चंद्रा खोऱ्यात अख्खा सापडणं कठीण. तो नदीच्या वाटेत आडवा पडलेला असतो, नदी त्याला फोडून नेते. कडेचे बांध वाचतात. म्हणून आधी कडा बघा, मग त्यांची रेघ मनाने खाली वाकवत नेऊन दोन्ही टोकं जोडा. तुटक्या बांगडीचे दोन तुकडे जुळवावेत तसं.

बडा शिग्रीविषयी जुन्या नोंदींत एक घटना येते: १८३६ साली या हिमनदीने चंद्रा अडवली, मागे तळं साठलं आणि ते फुटून खाली मोठा विध्वंस झाला. समोरच्या तीरावर उभं राहून खोऱ्याची रुंदी बघितली की हे कसं घडलं असेल ते कळतं. नदीला जायला दुसरी वाट नाही.

हिमोढाच्या धारेवर चालायचा मोह होतो. जुन्या, गवत आलेल्या बांधांवर जरूर चाला. गद्दी मेंढपाळांच्या वाटाही त्यांच्यावरून जातात. ताज्या बांधाच्या आतल्या बाजूला मात्र उतरू नका. मोठा दगडही पायाखालून निसटतो, आणि खाली बर्फ असेल तर सगळा उतारच सरकतो.

चौथी पायरी: एकेका दगडाला हातात घ्या

टिलच्या कापाखाली पडलेले मुठीएवढे पन्नास दगड गोळा करा. न निवडता, जे हाताला लागतील ते. मग तीन ढीग करा: पूर्ण गोल, पूर्ण टोकदार, आणि कडा बोथट झालेले पण बाजू सपाट असलेले. नदीच्या पात्रातले दगड बहुतांशी पहिल्या ढिगात जातात. कड्यावरून नुकते पडलेले दुसऱ्यात. हिमनदीच्या तळातून आलेले तिसऱ्यात. काही तर चक्क इस्त्रीच्या आकाराचे सापडतात, एक टोक निमुळतं, तळ सपाट. हिमनदीच्या पाठीवर बसून आलेल्या दगडांना घासणं लागत नाही, त्यामुळे खऱ्या हिमोढातही टोकदार दगड भरपूर असतात. गोंधळून जाऊ नका.

तिसरा ढीग धुऊन घ्या आणि सावलीत नेऊन विजेरी अगदी आडवी धरा, प्रकाश पृष्ठभागावरून घासत जाईल अशी. बारीक समांतर ओरखडे दिसले तर ठेव सापडली. ग्रॅनाईटवर ते टिकत नाहीत. पाटीचा दगड, चुनखडक अशा बारीक कणांच्या खडकावर बघा. पन्नासात दोन-तीन सापडले तरी पुष्कळ. एकाच दगडावर दोन-तीन वेगवेगळ्या दिशांचे ओरखडे असतील तर अजून चांगलं, कारण दगड बर्फात अडकल्या-अडकल्या अधूनमधून वळतो.

रस्त्याकडेच्या खडकावरचे ओरखडे बघून मात्र लगेच नाचू नका. रुंद, पांढुरके, ताजे, आणि सरळ रस्त्याच्या दिशेने गेलेले ओरखडे जेसीबीच्या दातांचे असतात. माझ्या संग्रहात अशा एका ‘हिमयुगीन’ खडकाचा फोटो आहे, तो मी कुणाला दाखवत नाही.

जागच्या जागी असलेल्या मोठ्या खडकांमध्ये मेषशिला शोधा. एक बाजू लांबट, उताराची, घासून गुळगुळीत. दुसरी बाजू तुटकी, पायऱ्यांसारखी. बर्फ गुळगुळीत बाजूने चढला आणि तुटक्या बाजूने खडकाचे तुकडे उपटत पुढे गेला. होकायंत्राने दिशा घ्या. ती दिशा आजच्या नदीच्या दिशेशी जुळत नसेल तर अधिकच मजा, कारण मग बर्फ आजच्या नदीपेक्षा वेगळ्या वाटेने गेला होता.

आणि परका धोंडा: खालचा खडक एका जातीचा, वर बसलेला धोंडा वेगळ्याच जातीचा, जवळपास त्या जातीचा कडा नाही. तो कुणीतरी आणून ठेवला. एवढं वजन उचलणारे हमाल इथे मोजकेच आहेत.

पाचवी पायरी: वितळलेल्या पाण्याचा माग

बातलला चहा घ्या आणि ढाब्याबाहेर येऊन नदीचं पात्र बघा. एक प्रवाह नाही, वेणीच्या बटांसारखे अनेक प्रवाह, मधे खडीची बेटं. पाण्यात माल इतका आहे की नदी स्वतःचीच वाट सारखी बुजवते आणि नवी काढते. हिमनदीच्या टोकापासून जसजसं लांब जाल तसतशी खडी बारीक होत जाते. पाचशे-पाचशे पावलांवर दहा सर्वांत मोठे गोटे मोजून सरासरी काढली, तर हे उतरणं वहीत आकड्यांनी दिसतं. मुलं बरोबर असतील तर हे काम त्यांना द्या.

पात्राच्या वर दोन्ही बाजूंना सपाट पायऱ्या दिसतात. कापात थर आणि गोल गोटे असतील तर ते नदीचं जुनं पात्र. म्हणजे आधी बर्फाने टाकलं, मग पाण्याने ते उचलून चाळून पसरलं, मग नदी आणखी खाली कापत गेली. एकाच जागी हे तिन्ही अंक सापडतात.

पुस्तकांत मान असलेली दोन भूरूपं इथे शोधण्यात वेळ घालवू नका. बर्फाखालच्या बोगद्यातून वाहणाऱ्या पाण्याने टाकलेली नागमोडी वरंबी, एस्कर, आणि उलट्या होडीसारख्या टेकड्या, म्हणजे हिमोढगिरी किंवा ड्रमलिन. हे दोन्ही शब्द मुळात आयर्लंडमधले आहेत, आणि सपाट प्रदेशावर पसरलेल्या बर्फथराखाली ती भूरूपं खुलतात. अरुंद, उताराच्या खोऱ्यात एस्कर तयार झालं तरी नदी ते टिकू देत नाही.

हिमनदीच्या पाण्याचे नाले घड्याळावर चालतात. सकाळी घोटाभर, दुपारी तीन-चारला कमरेइतके. छत्रू ते बातल रस्त्यावर असे नाले आडवे येतात. सकाळी दहाच्या आत ओलांडून घ्या.

सहावी पायरी: चंद्रताल

बातलचा पूल ओलांडून कुंझुमच्या वाटेला लागलं की डावीकडे चंद्रतालचा फाटा फुटतो. बातलपासून तळं सुमारे १४ किलोमीटर. २००५ पासून ही रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली, पाणथळ जागा आहे. तंबू काठावर लावू देत नाहीत, अलीकडे ठेवून चालत जावं लागतं. ते बरंच आहे, कारण चालताना जमीन वाचता येते.

तळ्याशी पोचल्यावर सगळे पाण्याकडे बघतात. तुम्ही पाण्याला पाठ करा. चंद्रा नदी इथून जवळच, खाली वाहते आहे, पण तळ्यावरून ती दिसत नाही. मधे एक लांब वरंबी आहे. तळं अडलं आहे ते तिच्यामुळे. समुद्र टापूची हिमनदी आजच्यापेक्षा खूप मोठी असताना तिने कडेला टाकलेला हा बांध, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. वरंबीवर चढा (श्वास लागेल, सावकाश), पश्चिमेकडे तोंड करा आणि समुद्र टापूच्या खोऱ्यापासून इथपर्यंत बर्फ मनाने भरून काढा. मग खाली वाकून पायाखालचा माल बघा. चाळलेला आहे का?

असं हिमोढाने अडलेलं तळं स्थिर असेलच असं नाही. बांध सुट्या मालाचा असतो, आत बर्फ असेल तर तो वितळून बांध खचतो, वरून पाणी उतू गेलं की काही तासांत फाटतो. २०१३ साली केदारनाथच्या वर चोराबारी तळं, २०२३ साली सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक, ही याच जातीची तळी. सिस्सूच्या वर गेपांग गाथ हिमनदीपुढेही असं वाढतं तळं आहे आणि शास्त्रज्ञांचं त्याच्यावर लक्ष असतं. बांधाची रुंदी, पाण्याच्या पातळीपासून माथ्याची उंची आणि पाणी बाहेर पडायची वाट, या तीन गोष्टी कुठल्याही तळ्याशी नोंदवायची सवय लावा.

सातवी पायरी: तोतये ओळखा

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. दगडी शंकू: कड्याखाली पसरलेला, सगळे दगड टोकदार, मधे पीठ नाही, मोठे धोंडे पायथ्याशी गडगडत गेलेले. दरड: ढीग एकाच जातीच्या खडकाचा, आणि वर बघितलं की कड्याला ताजी खोबण दिसते जिथून तो सुटला. मलब्याचे काठ, ज्यांनी माझी फजिती केली: दोन समांतर वरंब्या, पण उंची माणसाएवढी, वर चढत गेलं की एखाद्या अरुंद नाल्याच्या तोंडाशी संपतात. हिमोढाचा बांध नाल्याशी संपत नाही, खोऱ्याच्या कडेने लांब जातो.

यांतला मलबा हा खरा बहुरूपी. तोही माल चाळत नाही, त्याच्या कापातही धोंडे पिठात रुतलेले असतात. आपली किल्ली इथे अडकते. मग दोन गोष्टी तपासायच्या: ओरखडे असलेले, इस्त्रीसारखे दगड सापडतात का, आणि ढीग कुठल्या वाटेने आला. त्यातही मलबा जर जुन्या हिमोढातूनच निघाला असेल तर ओरखडलेले दगड त्यातही येणार. तेव्हा आकार आणि वाट, यांवर निकाल द्या. आणि स्थानिक माणसाला विचारा. हे मी शेवटी लिहितोय, करायचं मात्र सुरुवातीला.

नोंद कशी ठेवायची

फोटोपेक्षा रेखाटन. चित्र वाईट आलं तरी चालेल, हात फिरवताना डोळा बघतो. प्रत्येक बांधाजवळ लिहा: दिशा, उंची, आतली बाजू खडी की नाही, माल चाळलेला की नाही, गवत आणि दगडफूल किती. दगडफुलाचे ठिपके मोठे, धोंड्यांचे पृष्ठभाग झिजलेले, माती धरलेली, तर बांध जुना. सगळं करकरीत, तर अलीकडचा. एका खोऱ्यात कुठला बांध आधीचा आणि कुठला नंतरचा, एवढं या नोंदींवरून नक्की लावता येतं. वर्षांतलं वय काढायला धोंड्यांवर वैश्विक किरणांमुळे साठलेलं बेरिलियम-१० मोजतात. तो प्रयोगशाळेचा विषय. लाहौलच्या जुन्या हिमविस्तारांना अभ्यासकांनी चंद्रा, बातल, कुल्ती अशी इथल्याच जागांची नावं दिली आहेत, आणि नंतरच्या लहान टप्प्यांना सोनापानी.

याच खोऱ्यात सुमारे ४,००० मीटरवर ‘हिमांश’ नावाचं संशोधन केंद्र २०१६ साली सुरू झालं. ते चालवणारं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे आपल्या गोव्यात, वास्कोला. हिमनद्या मोजणारी माणसं समुद्रकाठी राहतात हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

हिमालयात जाणं जमत नसेल तर

चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या भागात इरई नावाचं गाव आहे. तिथे चुनखडकाच्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे आहेत आणि त्याच्यावर ‘तालचीर’ नावाने ओळखला जाणारा धोंड्यांचा थर. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, आपला भूखंड दक्षिण ध्रुवाजवळ असताना, बर्फ या खडकावरून घासत गेला. ओडिशातल्या तालचीरचा असाच थर बर्फाचा असावा हे १८५६ साली ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी मांडलं होतं. इरईच्या ओरखड्यांनी फेडन या भूवैज्ञानिकाच्या हाती पुढे त्याचा ठोस पुरावा दिला.

हिवाळ्यात, पाणी उतरल्यावर जा. गावात विचारून, हातोडा घरी ठेवून. दुपारच्या उन्हात तिथे काहीच दिसत नाही. साडेपाच वाजेपर्यंत थांबा, खडकावर थोडं पाणी शिंपडा आणि विजेरी आडवी धरा.